नोंदणी केली नाही म्हणून कविता दुसऱ्याची होत नसते

दादा, तुमचा प्रश्न असा की अंबाजोगाईच्या कविसंमेलनात म्हटलेली तुमची कविता एकानं चाल लावून यूट्यूबवर टाकली, खाली गीतकार म्हणून स्वतःचंच नाव लावलं, आणि तुम्ही रजिस्ट्रेशन केलेलं नाही, तर आता काही करता येतं का. येतं. आणि कराच, सोडून देऊ नका.

मी लातूरला वकिली करतो. शाहीर, भजनी मंडळवाले, गाणी लिहिणारी पोरं लई जण येतात आणि सगळ्यांचा समज एकच, सर्टिफिकेट नाही म्हणजे हक्क नाही. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे, त्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीच. कविता कागदावर उतरली की हक्क तुमचा, तुम्ही असेपर्यंत आणि तुमच्या माघारी 60 वर्षं लेकराबाळांचा. रजिस्ट्रेशन कोर्टात पुरावा म्हणून कामाला येतं, कवितेसाठी फी 500 रुपये, ऑनलाइन होतं, पुढच्या कवितांचं करून ठेवा.

खरी ताकद तुमच्या वहीत आहे. खाडाखोडीची पानं अजिबात फाडू नका, एखादी ओळ आधी कशी होती, कोणता शब्द खोडून कोणता घातला हे ज्यानं लिहिलं त्याच्याच वहीत सापडतं, उचलणाऱ्याकडं फक्त शेवटची कविता असते. संमेलनाची पत्रिका, कोणी मोबाइलवर केलेलं शूटिंग, आधी कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर तो मेसेज, सगळं तारखेसकट ठेवा.

हां, विषयावर कोणाचा हक्क नसतो. दुष्काळावर तुम्हीही लिहिलं आणि त्यानंही स्वतःच्या शब्दात लिहिलं तर काही करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 1978 मध्येच सांगितलंय की कल्पनेला नाही, ती मांडण्याच्या पद्धतीला संरक्षण आहे. एकनाथ महाराजांची भारुडं तर इतकी जुनी की त्यांवर आता कोणाचाच हक्क नाही, कोणीही गावीत. पण तुमचे शब्द जसेच्या तसे उचललेत, म्हणजे मामला सरळ आहे. चाल मात्र त्याची असेल तर ती तुम्ही वापरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कशावर सही केली होती का? आमच्याकडं पोरांच्या हातात थोडे पैसे पडले की न वाचता सही करतात आणि कागदावर "सर्व हक्क कायमचे" लिहिलेलं असतं, हे बघून जीव तुटतो. तोंडी "गा बाबा" म्हटल्यानं मालकी जात नाही, त्याला सही केलेला कागदच लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसली तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसला तर फक्त भारत. आणि समजा सगळं विकलं असलं तरी कवी मीच आहे हे सांगायचा हक्क कलम 57 प्रमाणे तुमच्याकडंच राहतो.

आधी व्हिडिओची लिंक, तारीख, नावाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण नोटीस गेली की तो नाव बदलतो. मग यूट्यूबकडं लेखी तक्रार करा. तक्रारीवरून काढलेला व्हिडिओ परत दिसू नये असं वाटत असेल तर कायद्याप्रमाणे 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणावा लागतो, म्हणून वकिलाशी आधीच बोलून ठेवा. दाव्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात मनाई आणि भरपाई मागता येते. फौजदारीही होते, 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड असं कलम आहे, पण मी आधी दिवाणी मनाई घ्या म्हणेन, गाणं थांबणं तातडीचं आहे. सहीचं तेवढं इथं कळवा, नोटिशीत काय लिहायचं ते त्यावरच ठरेल.