चार तारांच्या बेस गिटारवर ‘ई’च्या खालचे सूर कसे काढायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बेस चारतारी आहे (जाड तारेकडून ई, ए, डी, जी), अभंग-भावगीतांच्या फ्युजन बँडमध्ये वाजवता, गायकाची पट्टी बहुतेक वेळा पांढरी दोन (म्हणजे सा डी वर), क्वचित पांढरी एक (सा सी वर). जाड तार ‘ई’ला संपते, त्यामुळे अगदी खालचा सा हाती लागत नाही. मग पाचतारी घ्यावाच लागेल का?

लगेच नाही. पांढरी दोनसाठी तर एक पैसाही खर्च करायला नको. जाड तार ई वरून डी वर उतरवा, म्हणजे ड्रॉप डी. ट्युनर हाताशी नसेल तर त्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या) पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. घंटेसारखा जो स्वच्छ सूर निघेल तो मोकळ्या डी तारेशी जुळला पाहिजे. दोन्ही एकत्र वाजत ठेवून खुंटी हळूहळू सैल करा. आधी दोन्ही सुरांची लाट भरभर येते, मग रेंगाळते, मग थांबते. थांबली की तार लागली.

आता मोकळ्या तारा वाजवून बघा. खालून डी, ए, डी, म्हणजे पांढरी दोनमध्ये सा, प, सा, आणि वरची जी तार म्हणजे मध्यम. अभंगाच्या ठेक्याखाली सा-प धरून ठेवायचा असेल तर डावा हात जवळजवळ मोकळाच राहतो. गायकाचा मध्य सा साधारण १४७ हर्ट्झचा, मधली डी तार त्याखालचा मंद्र सा देते ७३ हर्ट्झचा, आणि उतरवलेली तार अतिमंद्र, ३६.७ हर्ट्झवर. पॉपपेक्षा आपल्या संगीताला हे ट्युनिंग जास्त सोयीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका गोष्टीची सवय करावी लागते. त्या एका तारेवर सगळे सूर दोन फ्रेट पुढे सरकतात: ई दुसऱ्यावर, एफ तिसऱ्यावर, जी पाचव्यावर. बाकीच्या तीन तारा आहेत तशाच. गाण्याच्या मधेच ई आणि डी अशी अदलाबदल लागत असेल तर खुंटीच्या जागी बसणारा, खटका दाबला की तार डी वर आणणारा डी-ट्युनर मिळतो. हिपशॉटचा एक्स्टेंडर त्यातला सगळ्यात प्रसिद्ध.

तार उतरवली की ताण कमी होतो. तोही वाटतो त्याहून जास्त, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: दोन स्वर (काळ्या धरून हार्मोनियमच्या दोन पट्ट्या) उतरवले की सुमारे २१ टक्के. म्हणून तार ढिली लागते, फ्रेटवर खरखरते, आणि जोरात छेडली की सूर आधी चढा लागून मग खाली बसतो. यावर उपाय उजव्या हातात आहे. हलकं वाजवा आणि बोटं थोडी ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधाराकडे न्या. तिथे तार कमी हलते आणि सूर कोरून निघतो. आणि ट्युनरवर सूर लावताना, गाण्यात जितक्या जोराने छेडणार तितक्याच जोराने छेडा. तरीही खरखर राहिली तर त्या तारेची अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासूनची उंची, किंचित वर घ्या.

पांढरी एकचं प्रकरण वेगळं. तिथला अतिमंद्र सा ३२.७ हर्ट्झचा, म्हणजे ई च्याही चार पट्ट्या खाली. नेहमीची १०५ गेजची (म्हणजे ०.१०५ इंच जाडीची) तार तिथवर उतरवली तर ताण ३७ टक्के घटतो. ती मग वाजत नाही, लोंबते. पण त्याआधी एक विचारतो: तो सा खरंच लागतो का? पांढरी एकचा मंद्र सा ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे आणि त्याखालचा प ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. बहुतेक गाणी एवढ्यात निभावतात. पखवाज किंवा ढोलकीचा धुमाही (खर्जाची बाजू) त्याच भागात घुमत असतो. तिथे बेस आणखी खाली नेला तर दोघांचाही चिखल होतो.

लागतोच म्हणालात, तर तारा बदला. पाच तारांचा संच आणायचा, त्यातली सगळ्यात बारीक जी तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार लावायच्या: बी, ई, ए, डी. इथे सी पहिल्याच फ्रेटवर मिळतो. १३० गेजची बी तार ३०.९ हर्ट्झवर लावली तरी तिचा ताण आधीच्या ई तारेच्या साधारण ८५ टक्के राहतो, म्हणून ती लोंबत नाही. आपल्या तानपुऱ्यात खर्जाला जाड पितळी तार लावतात ती याच कारणाने: सूर खाली हवा असेल तर तार सैल करण्यापेक्षा जड करणं चांगलं.

पण मग हत्याराचंही काम निघतं. १०५ ची तार २.७ मिलिमीटर जाड, १३० ची ३.३. जुन्या नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत ती बसत नाही, वरच राहते. खाच कानशीने मोठी करता येते, पण एकदा घासली की जुनी तार त्यात खडखडणार. त्यामुळे मूळ नट काढून जपून ठेवा आणि नवा नट घासून घ्या. खुंटीच्या भोकात तार जाते का तेही आधी बघा. ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे सरकवून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर अचूक लागणं, पुन्हा साधावं लागतं, आणि ट्रस रॉडला (मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. हे सगळं पहिल्यांदाच करणार असाल तर कारागिराकडे द्या. आणि वरचे पाच सूर जातात, हे धरून चाला. सोलो वाजवणाऱ्याला ते खुपतं, तुमच्या कामाला बहुधा नाही.

ऑक्टेव्ह पेडल हा तिसरा रस्ता. १९८२ मध्ये आलेलं बॉसचं ओसी-२ त्यातलं प्रसिद्ध. वाजवलेल्या सुराचा एक सप्तक खालचा सूर पेडल तयार करतं. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी वाजवा, खाली पांढरी एकचा अतिमंद्र सा मिळेल. मात्र एका वेळी एकच सूर वाजवायचा आणि शक्यतो वरच्या तारांवर. ई तारेच्या तळाशी पेडल गोंधळतं आणि सूर थरथरतो. आवाजही थोडा सिंथसारखा येतो. भावगीतात मला तो उपरा वाटतो, पण फ्युजनमध्ये एखाद्या ठिकाणी मस्त बसतो.

यातलं काहीही करा, घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर ३३ हर्ट्झ ऐकू येण्याची अपेक्षा ठेवू नका. तो स्पीकर तिथवर पोचतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे हार्मोनिक, आणि मूळ सूर त्यावरून मेंदू भरून काढतो. म्हणून बेसचं बटण पिळून उपयोग नाही, नुसती घरघर वाढते. मिडचं (मधल्या सुरांचं) बटण थोडं वाढवा, सूर ओळखू येतो.

ही अडचण फक्त आपली नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रातला डबल बासही ई लाच थांबतो. सी साठी अनेक वादक त्याच्या डोक्यावर फिंगरबोर्डचा जादा तुकडा बसवून जाड तार तिथवर लांबवतात. बेस गिटारमध्ये १९७५ ला अँथनी जॅक्सनने खाली बी असलेला सहातारी बनवून घेतला. पाचतारी सर्रास दिसू लागला त्यानंतरच.

पाचतारी घ्यायची वेळ आलीच, म्हणजे दर कार्यक्रमात पट्टी बदलते आणि वरची जी तारही सोडवत नाही, तर दुकानात एवढं करून बघा. बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई एकच सूर देतात. दोन्ही पाठोपाठ वाजवा. बी तारेवरचा ई मऊ, बोदा आणि पटकन विझणारा वाटला तर तो बेस परत ठेवा, किंमत कितीही कमी असली तरी.