हल्लीचे हॉरर पिक्चर बघून भीतीच वाटत नाही. माझं वय झालं की पिक्चर बिघडले?

वय नाही ओ झालं तुमचं. बहुतेक पिक्चर कधी घाबरायचं ते आधीच सांगून टाकतात. पार्श्वसंगीत बंद पडलं, बाई आरशासमोर वाकली, की आमच्या सोलापुरात थेटरात मागून कुणीतरी ओरडतंच, "आली बघ आता!" आणि येतेच. मग कानठळ्या. दचकायचं काय, स्वयंपाकघरात ताट पडलं तरी माणूस दचकतो. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) मध्येही दचकवणं आहेच, पण त्याची तयारी आधी होते. डोळ्यांवर पट्टी, लपलेल्यानं टाळी वाजवायची, असा साधा घरगुती खेळ. एकदा टाळी कपाटातून येते आणि तिथं पोरगी नसतेच. नंतर अंधारात नुसती टाळी वाजली तरी पुरते.

माझं मत विचाराल तर 'लपाछपी' (२०१७) बघा. आमच्या जिल्ह्यात उसाचं कुणाला कौतुक नाही, पण वाढलेल्या उसात एकटं शिरून बघा. दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, पाचट पायाखाली वाजतं, पानं हाताला चरचरीत कापतात आणि पलीकडं खसखसलं तर डुक्कर आहे की माणूस, कळत नाही. दिग्दर्शक विशाल फुरियानं नेमकं हेच हेरलंय. आठ महिन्यांची गरोदर बाई, चारी बाजूंनी ऊस, आणि गोड बोलणारी तुळसाबाई. तिच्या भूमिकेतल्या उषा नाईक मायेनं बोलायला लागल्या की पोटात गोळा येतो, भूत नंतरचं. शेवटाकडं मात्र सगळं उलगडून सांगायच्या नादात हा पिक्चरही सैल पडतो. (यावरूनच फुरियानं २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला.)

हा उलगडून सांगायचा रोग फार. मध्यंतरानंतर लांबलचक फ्लॅशबॅक, मग एक मांत्रिक, मग कॉम्प्युटरवर काढलेलं पांढरं तोंड. भुताची सगळी कुंडली कळल्यावर कोण घाबरणार?

'तुंबाड' (२०१८) उलटं करतो. नियम तेवढे सांगतो: हस्तर, म्हणजे सोनं राखून बसलेला शापित देव, पिठाच्या बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्यात त्याच्याकडच्या सोन्याच्या मुद्रा काढायच्या आणि पिठाच्या रिंगणात राहायचं. बास. पुढं माणसाची हावच त्याला कुठं नेते ते बघायचं. पहिल्यांदा आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लावला तर त्यानं आधीपेक्षा जास्त कमावलं. तुमचा राहिला असेल तर रात्री दिवे घालवून बघा, मोबाइलवर नको.