झाडावर अडकलेलं मांजर सुखरूप खाली कसं आणायचं?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी कुत्रा मागे लागला म्हणून मनी झाडावर चढली, रात्रभर ओरडत होती, आणि शेजारचे सांगताहेत, ‘भूक लागली की येईल आपोआप.’ माझा बोका असाच दोन रात्री झाडावर होता, म्हणून तुमचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते मला कळतंय. पुष्कळ मांजरं पहिल्या काही तासांत स्वतःच उतरतात, हे खरं आहे. पण मनीची एक अख्खी रात्र गेली आहे. आता नुसती वाट बघू नका.

ती हट्टाने बसलेली नाही, तिला उतरता येत नाहीये. मांजराच्या नख्या आतल्या बाजूला वळलेल्या असतात. वर चढताना त्या आकड्यासारख्या सालीत रुततात. डोकं खाली करून उतरायला गेलं की त्याच नख्यांची पकड सुटते आणि अंग घसरायला लागतं. सुरक्षित उतरायचं तर शेपटीकडून, मागे मागे सरकत यावं लागतं, आणि घरात वाढलेल्या कितीतरी मांजरांना ते कधी करावंच लागलेलं नसतं. दक्षिण अमेरिकेतल्या मार्गे नावाच्या रानमांजराचे मागचे घोटे इतके वळतात की ते खारीसारखं डोकं खाली करून उतरतं. आपल्या मांजरांकडे ती सोय नाही.

आधी झाडाखालची गर्दी हटवा. माझी मोठी चूक इथेच झाली होती. मी घाबरून सगळ्यांना हाका मारल्या, आठ-दहा माणसं जमली, कुणी टाळ्या वाजवल्या, एकाने फांदी हलवली, आणि बोका होता तिथून आणखी दोन फांद्या वर गेला. दहा-बारा फुटांवरचं मांजर आम्हीच शेंड्याला पाठवलं. खडे मारणं, पाण्याचा फवारा सोडणं, काठीने ढोसणं यातलं काहीही करू देऊ नका. कुत्री बांधायला सांगा. तिची सर्वांत सवयीची एकच व्यक्ती खाली थांबू दे.

त्या व्यक्तीने रोज जेवायला बोलावताना मारतो तशीच हाक मारायची, त्याच आवाजात. आवाज चढवायचा नाही. तिच्या खाण्याचा डबा वाजवा. उग्र वासाचं ओलं खाणं किंचित कोमट करून बुंध्याशी ठेवा, वास वरपर्यंत जातो. मग थोडं लांब जा. संध्याकाळ उतरल्यावर आणि पहाटे मांजर जास्त हालचाल करतं, भोवती शांतता असते, तेव्हा उतरण्याची शक्यता वाढते. अंधारात ती कुठे आहे ते दिसत नसेल तर टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत धरून फांद्यांवर फिरवा, तिचे डोळे चमकतील. प्रकाश तिच्यावर रोखून मात्र ठेवू नका.

ती फार उंच नसेल तर तिला वाट करून द्या. रुंद फळीला जुनं गोणपाट किंवा जाड टॉवेल घट्ट गुंडाळा, म्हणजे नख्या रुततील, आणि ती बसली आहे त्या फांदीला फळी तिरकी लावून बांधा. फळी जितकी कमी उभी तितकं बरं. लावून झाली की बाजूला व्हा, पहिल्या पाच मिनिटांत ती येणार नाही. तिची प्रवासाची पेटी दोरीने फांदीपर्यंत चढवून आत खाणं ठेवण्याचा उपायही करतात. मांजर पेटीला सरावलेलं असेल तरच तो चालतो. माझ्या बोक्याच्या मनात पेटी म्हणजे डॉक्टर, तो तिच्याकडे बघेना.

शिडी लावायची असेल तर आधी वर नीट बघा. जवळून विजेची तार जात असेल तर शिडी, लोखंडी गज, ओला बांबू काहीही तिकडे नेऊ नका. तिथे आपलं काम थांबलं. वीज खात्याला आणि अग्निशमन दलाला कळवा. तार नसेल तर शिडी सपाट, घट्ट जमिनीवर टेकवा. शिडी जितक्या उंचीवर टेकते त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका तिचा पाया बुंध्यापासून लांब हवा. वरचं टोक झाडाला बांधा, खाली एकाने धरून उभं राहा. अंधारात किंवा पावसात चढू नका.

चढणाऱ्याने जाड, लांब बाह्यांचा कपडा आणि हातमोजे घालावेत. तुमची मांडीवर झोपणारी मनी या क्षणी तुम्हालाही बोचकारेल किंवा चावेल, तो तिचा राग नव्हे, भीती आहे. जवळ पोचलात की लगेच हात घालू नका. बोटं हुंगू द्या, दोन मिनिटं नुसतं बोला. मग एका हाताने मानेची सैल कातडी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने मागचा भाग पेलायचा, नुसत्या मानेवर लोंबकळवायचं नाही. तिला छातीशी धरून शिडी उतरणं सर्वांत धोक्याचं, कारण ती झटकली की दोघंही पडता. उशीचा मोठा अभ्रा किंवा जाड कापडी पिशवी बरोबर न्या, तिला आत घालून तोंड बांधा आणि पिशवी दोरीने हळूहळू खाली सोडा. पिशवीतली धडपड बघून वाईट वाटतं, पण ती मिनिटभराची असते.

‘मांजर पडलं तरी पायांवरच पडतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अंग हवेत वळवण्याची त्यांची हातोटी खरी आहे, पण उंचावरून पडलेल्या मांजरांचे जबडे फुटतात, पाय मोडतात, छातीला मार बसतो. खाली चौघांनी चादर ताणून धरा, पण ती आधारासाठी. तिला त्यात पाडायला जाऊ नका.

किती वाट बघायची? माझं मत स्पष्ट आहे: चोवीस तासांच्या पुढे नाही. पिल्लू असेल, जखम दिसत असेल, गळ्यातला पट्टा फांदीत अडकला असेल किंवा वादळ येत असेल तर एक तासही नाही. वर पाणी नसतं आणि ऊन असतं. शिवाय मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, विशेषतः लठ्ठ मांजराला. ओरडणं थांबलं म्हणजे ती सावरली असं समजू नका, थकल्यावरही मांजर गप्प होतं. अग्निशमन दल, प्राणी वाचवणाऱ्या संस्था, आणि दोर-पट्टे बांधून झाडांच्या फांद्या छाटणारी माणसं, या सगळ्यांना आत्ताच फोन करा. माझ्या बोक्याला शेवटी अशाच एका फांद्या छाटणाऱ्याने उतरवलं, पंधरा मिनिटांत. मी त्याला पहिल्याच सकाळी बोलवायला हवं होतं.

मनी खाली आली की एका बंद, शांत खोलीत न्या. आधी पाणी, मग थोडंसं खाणं. पंजे, नख्या, जबडा हलक्या हाताने तपासा. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, लंगडत असेल किंवा दिवसभरात खाल्लं नाही, तर डॉक्टरकडे न्या. माझ्या बोक्याला सलाइन लावावं लागलं होतं.

आणि काही दिवस तिला एकटीला बाहेर सोडू नका. माझा बोका बाहेर पडल्या पडल्या त्याच झाडाकडे गेला होता. तार जवळ आहे का आणि मनी साधारण किती फुटांवर आहे, ते खाली लिहा. मी बघतेय.