शटर ओढायचं की टिकायचं? टीव्ही-फ्रिजच्या दुकानांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बरीच पत्रं एकाच दुखण्याबद्दल आलीत, आपल्या नाशिकमधली जुनी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. कुणी दुकानदार आहे, कुणी गिऱ्हाईक, एक तर डिप्लोमाचा पोरगा आहे. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले.

प्रश्न : ताई नमस्कार, रविवार कारंजाजवळ आमचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे, रंगीत टीव्ही नवे होते तेव्हा वडिलांनी सुरू केलं. आता गिऱ्हाईक येतं, दोन-तीन टीव्ही लावून बघतं, मॉडेल नंबरचा फोटो काढतं आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून जे जातं ते येतच नाही. मोबाईलवर दाखवतात ती किंमत कधी कधी आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या रेटच्याही खाली असते. जागा स्वतःची म्हणून तग धरून आहोत. वडील म्हणतात चालू ठेव, बायको म्हणते भाड्याने देऊन टाक. काय करू?

उत्तर : दादा, आधी किमतीचंच बोलू, कारण वडिलांना तेच पटत नसणार की समोरचा एवढ्या स्वस्तात देतो कसा. टॅक्स चोरून देत नाही. जीएसटी दोघांनाही सारखाच, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि एसीचा २८ चा १८ टक्के झाला तो तुमच्याकडेही झाला आणि त्यांच्याकडेही. फरक पडतो तो कंपनीकडून थेट मोठ्या लॉटमध्ये मिळणाऱ्या रेटचा, बँकेच्या कार्डावरच्या सूटीचा, आणि तोटा सोसत वर्षानुवर्षं धंदा वाढवायला ओतलेल्या पैशाचा. फ्लिपकार्ट २००७ ला सुरू झालं तेव्हा पुस्तकं विकत होतं, अ‍ॅमेझॉन आपल्याकडे जून २०१३ ला आलं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे नावाचा मोठा सेल झाला तेव्हापासून दसरा-दिवाळीचा सीझन, ज्याच्यावर तुमच्यासारख्या दुकानांचं वर्ष निघायचं, तो वाटला गेला तो गेलाच. परदेशी पैसा असलेल्या पोर्टलला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही असा नियम आहे, फेब्रुवारी २०१९ पासून तो आणखी कडक केला, आणि ठरावीक सेलर्सना झुकतं माप देतात, मोबाईल फक्त तिकडेच लाँच होतात या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचे आदेशही दिले. व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे असंच मला वाटतं. पण त्याच्या भरवशावर उद्याचं शटर उघडू नका, कारण पोर्टलला वेसण घातली तरी खोक्यावरचं, म्हणजे नुसती वस्तू विकण्यातलं, तुमचं मार्जिन काही जुन्या दिवसांसारखं होणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, खोकं विकण्यात त्यांच्याशी भांडू नका. खोकं घरी गेल्यावर जे काम निघतं ते तुमचं आहे आणि ते तुम्ही आजवर फुकट देत आलात. टीव्ही भिंतीला लावून देणं, जुना उतरवून नेणं, आजींना रिमोट समजावणं, दिंडोरी-निफाडकडच्या गिऱ्हाइकाला व्होल्टेज विचारून बरोबर स्टॅबिलायझर देणं, द्राक्षाचे पैसे येईपर्यंत थांबणं, हे सगळं तुमच्या किमतीत आहे आणि त्यांच्या किमतीत नाही, पण गिऱ्हाईक दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतं आणि तुम्ही महाग ठरता! तेव्हा बिल फोडा. टीव्ही वेगळा, फिटिंग वेगळं, व्हिजिट चार्ज वेगळा, आणि हे दर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. आणि ऑनलाइन घेतलेला टीव्हीसुद्धा लावून द्या. 'तिकडून घेतला ना, मग तिकडेच जा' असं म्हणणारे दुकानदार मी बघितलेत, त्यांचा राग मला कळतो, डोळ्यादेखत गिऱ्हाईक गेलेलं असतं, पण तोच माणूस खिशात पैसे घेऊन परत तुमच्या दारात उभा आहे हे पण बघा ना.

अमेरिकेत हे सगळं आपल्या आधी होऊन गेलंय. सर्किट सिटी म्हणून तिकडची फार मोठी चेन होती, तिने २००७ मध्ये खर्च वाचवायला जास्त पगाराचे म्हणजेच जुने जाणते असे जवळपास ३४०० सेल्समन काढून टाकले आणि स्वस्तात नवी पोरं भरायचं ठरवलं. २००९ मध्ये सगळी दुकानं बंद. तेव्हा मंदीही होती, सगळा दोष त्या एका निर्णयाला देता येणार नाही, पण दुकानात येऊन काहीच नवीन कळणार नसेल तर माणूस येईल कशाला? तिची स्पर्धक बेस्ट बाय, तिचंही आता काही खरं नाही असं २०१२ च्या सुमारास सगळे म्हणत होते. तिने ऑनलाइनच्या किमतीला किंमत लावली म्हणजे तेवढ्यातच माल दिला, घरी येऊन बसवून देणारी, दुरुस्त करणारी तिची गीक स्क्वॉड नावाची टीम होती तिच्यावर भर दिला, आणि दुकानातली जागा सॅमसंगसारख्या कंपन्यांना त्यांच्या मालासाठी दिली. ती अजून चालू आहे. किमतीला किंमत लावणं तुम्हाला झेपणार नाही, बाकीच्या दोन गोष्टी झेपतील. तुमच्याकडे जुना मेकॅनिक असेल तर त्याला काही झालं तरी सोडू नका.

आता भाड्याचं. एक वही घाला आणि वर्षभर हिशोब लिहा, पण त्यात जागेचं भाडं आणि तुमचा पगार खर्च म्हणून धरा, जे आपल्याकडे घरच्या दुकानात कुणी धरतच नाही आणि मग वाटतं दुकान चालतंय. हा हिशोब उणे आला तर बायकोचं बरोबर आहे. मात्र सगळी जागा देऊ नका असं मला वाटतं. दर्शनी भाग भाड्याने द्या, मागे रिपेअरिंग आणि चार-पाच डेमो पीस ठेवा, बाकी माल ऑर्डर आली की डिस्ट्रिब्युटरकडून उचला. गोडाऊनमध्ये पैसा अडकवून ठेवायचे दिवस गेले. वडिलांना हे सांगताना 'दुकान बंद करतोय' असं म्हणू नका, कारण तसं खरंच नाहीये.

प्रश्न : ताई, इंदिरानगरला राहतो. एसी घ्यायचाय, ऑनलाइन तीन हजारांनी स्वस्त दिसतोय. आमचे नेहमीचे दुकानदार ओळखीचे, वडिलांपासूनचे. तिकडून घेतला तर त्यांना तोंड कसं दाखवू?

उत्तर : तोंड दाखवायचं नंतर बघू, आधी ते तीन हजार खरंच वाचतात का बघा. एसीच्या किमतीत बहुतेक वेळा फिटिंग नसतं. तांब्याचा पाइप ठरावीक फुटांच्या वर गेला की फुटावर पैसे, बाहेरच्या युनिटचा स्टँड वेगळा, भिंतीला होल वेगळं, स्टॅबिलायझर वेगळा. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून मिळणारे हप्ते, घेतला तर व्याजाएवढी सूट मिळते हे खरं, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रोसेसिंग फी असते ती वेगळीच. हे सगळं कागदावर मांडा आणि तोच कागद घेऊन सरळ तुमच्या दुकानदाराकडे जा, त्यांना सांगा तिकडे टोटल एवढी होतेय, तुम्ही किती कराल. हजार-पाचशेचा फरक राहिला तर मी तरी दुकानातूनच घेईन, कारण मे महिन्यात एसी बंद पडला की कस्टमर केअरच्या रांगेत तुमच्या वतीने फोन करणारं कुणीतरी लागतं. फरक खरोखर मोठा असेल तर ऑनलाइन घ्या, त्यात कसली गद्दारी नाही.

पण तिकडून घेतला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, सीरियल नंबर बिलावर आहे का बघा. दुकानातही कच्चं बिल घेऊ नका, वॉरंटीच्या वेळी तेच नडतं. कॉम्प्रेसरला दहा वर्षं लिहिलेलं असतं ते नीट वाचा, बऱ्याचदा फक्त पार्ट फुकट असतो, गॅस आणि मजुरी आपल्याच खिशातून. गडबड झालीच तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. नाही सोडवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करा. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, सेलर दिल्लीचा असला तरी केस नाशिकला करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाला आहे, आडगावला राहतो. प्रोजेक्टला पार्ट लागतात. एमजी रोडला एक काका सुटे रेझिस्टर, आयसी द्यायचे, त्यांनी आता मोबाईल कव्हर लावलीत. ऑनलाइन दहा रुपयांच्या पार्टला डिलिव्हरीच साठ-सत्तर. असं का झालं?

उत्तर : अरे, तुझा प्रश्न वाचून फार वाईट वाटलं, कारण असं एक दुकान गेलं की पार्टबरोबर ते काकाही जातात ना, 'बीसी ५४७ ट्रान्झिस्टर नाहीये, २एन २२२२ ने भागेल, पण पाय उलटे आहेत का बघून लाव' असं सांगणारे.

झालं असं की टीव्हीच बदलला. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कपॅसिटर, लाइन ट्रान्सफॉर्मर बदलून काम व्हायचं, मग गल्लोगल्ली मेकॅनिक, आणि त्या मेकॅनिकांच्या जिवावर ही सुट्या पार्टची दुकानं. तुम्ही विद्यार्थी त्यांचं वरचं गिऱ्हाईक होतात, मुख्य नाही. एलईडी टीव्हीचा पॅनेल गेला तर नव्या टीव्हीएवढा खर्च सांगतात, बोर्ड गेलं तर अख्खं बोर्डच बदलतात, मग सुटा कपॅसिटर मागणार कोण? काकांना भाडं तर भरायचंच आहे, आणि मोबाईल कव्हर रोज खपतं.

अमेरिकेत रेडिओशॅक म्हणून याच धंद्यातली चेन होती, १९२१ ला बोस्टनमध्ये सुरू झालेली, हौशी लोकांना सुटे पार्ट देण्यात तिचं नाव होतं. पुढे तिने पार्टचे ड्रॉवर मागे सारून मोबाईल विकायला घेतले. पण मोबाईल तर सगळेच विकत होते! फेब्रुवारी २०१५ मध्ये दिवाळं जाहीर केलं तेव्हा तिची चार हजारांच्या वर दुकानं होती. काकांना कधी भेटलास तर हे जरूर सांग.

तुझ्यासाठी रस्ता असा, एकट्याने मागवू नकोस. वर्गातल्या सगळ्यांची यादी करून एकच ऑर्डर टाका, डिलिव्हरी वाटली जाते. मुंबईला जाणारा कुणी असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला जाणारा असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्हीकडे सुटे पार्ट मिळतात. फार स्वस्त आयसी दिसला तर घेऊ नकोस, बाजारात डुप्लिकेट खूप आहेत. आणि तुमच्या एचओडी (विभागप्रमुख) सरांना विचारून बघा, कॉलेजने वर्षाचे नेहमीचे पार्ट त्या काकांकडूनच घ्यायचं कबूल केलं तर ते कदाचित एखादं कपाट परत लावतील. विचारायला काय हरकत आहे.

प्रश्न : नाशिकरोडहून लिहितेय. मिक्सर फिरतो पण भांड्यातलं पातं फिरत नाही. ऑनलाइन घेतलेला, वॉरंटी संपलीये. नवा घ्यावा का?

उत्तर : मुळीच नको ताई! तुमचा कपलर झिजला असणार, भांड्याच्या खाली आणि मशीनवर जे रबराचं-प्लास्टिकचं चाक असतं ना ते. अगदी थोड्या पैशात मिळतो. भांडं आणि जुना कपलर सोबत घेऊन जवळच्या मिक्सर-गिझर रिपेअरवाल्याकडे जा, मॉडेल नंबर फोनमध्ये काढून न्या. कार्बन ब्रश पण एकदा बघायला सांगा, तेही झिजतात. आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.