मालक गावाला गेलेत

(पत्र मोठं होतं, कापून कापून एवढं ठेवलंय.)

"अक्का, नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. मालक १२ वर्षं कोइमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात होते, गणपतीत घरी आले ते खोकतच, वजन पार उतरलेलं. मिरजेत खाजगीत दाखवलं, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. कुणाला बोललो नाही, भावकीत न्यूमोनिया सांगितलाय, मालकांनी तशी शपथच घातलीय मला. तरी थोरल्या जाऊबाईंनी पोरांना आमच्या खोलीत यायचं बंद केलं, सासूबाईंनी यांचं ताट-तांब्या वेगळा काढला. दिरांना पैसे मागितले तर म्हणाले बघू. आत्तापर्यंत ४० हजाराच्या वर गेले, मंगळसूत्र पतसंस्थेत ठेवलंय, पैसे आले की पुढच्या गोळ्या आणायच्यात. आशाताई पण दोनदा येऊन गेली, कुणी चुगली केली काय माहीत. मी खिडकीतनंच सांगितलं मालक गावाला गेलेत म्हणून, आणि नेमके तेव्हाच हे आतनं खोकले. दुसऱ्यांदा आली तर बारकीचं विचारायला लागली, किती वर्षाची, वजन किती, मी म्हटलं तुम्हाला काय करायचंय. अशा वेळी कुणीच आपलं नसतं अक्का. जाऊबाईंना कसं समजावू आणि दिरांनी हात द्यावा म्हणून काय करू ते सांगा."

हे बघ, जाऊबाईंवर तू दीड पान लिहिलंस, सासूबाईंच्या ताट-तांब्यावर अर्धं, दिरांच्या "बघू"वर तर इतकं की मला ते दीर डोळ्यापुढं दिसायला लागले. आणि आशाताईला तीन ओळी, त्यापण मधेच, जाता जाता. मी त्या तीन ओळींवरच अडकलेय, बाकीचं पत्र मला नीट वाचवंना.

मालक गावाला गेलेत, आणि आतनं खोकला. आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग तुझा राग आला. मग त्या बाईचा विचार करत बसले. तिनं खोकला ऐकला असणार ना गं, खिडकीतनं किती लांब असतंय. गावात वर्षानुवर्षं घरोघर फिरणारी बाई, कुठला खोकला दोन दिवसाचा आणि कुठला दोन महिन्याचा हे तिला कळत नसेल होय? तरी तिनं "मग आत कोण खोकतंय" असं विचारलं नाही, समोरच्या नळावर चार बायका असतील, त्यांच्यादेखत तुला खोटं पाडलं नाही, गपचूप गेली. आणि परत आली. तुझ्या अख्ख्या पत्रात दुसऱ्यांदा आलेलं माणूस ती एकटीच आहे बाई, आणि तीपण मानधनावर, ऊन-पाऊस न बघता फिरणारी, तुझी कोण लागत नाही. तिला तू म्हणालीस तुम्हाला काय करायचंय.

चुगलीचं म्हणशील तर कुणी केली नाही. २०१२ पासनं टीबीचा पेशंट सापडला की खाजगी डॉक्टरला पण सरकारला कळवावं लागतं, कायद्यानं. तुमच्या मिरजेच्या डॉक्टरनं नाव कळवलं असणार, ते ऑनलाइन चढलं, आरोग्य केंद्रात आलं आणि तिथनं तुमच्या गावच्या आशाकडं. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासनं माहीत आहे. तू तिच्यापासनं काहीच लपवलेलं नाहीस, फक्त तिला आत येऊ दिलेलं नाहीस. आणि अजून गावात बोभाटा झालेला नाही ना? मग ती किती पोटात ठेवणारी आहे तेपण बघ.

आता बारकीचं. ती किती वर्षाची ते तू मलापण लिहिलं नाहीस. बारकी म्हणतीस म्हणजे पाचाच्या आतलीच असणार, मी तसं धरून चाललेय. आशाताईला नसत्या चौकशा करायची हौस नव्हती, ती तुझ्या पोरीसाठीच आली होती. टीबी हवेतनं जातो, बाप त्याच खोलीत झोपून दोन-अडीच महिने खोकत होता. घरात असा पेशंट निघाला की घरातल्या सगळ्यांना तपासायचं असतंय, आणि पाच वर्षाच्या आतल्या पोरांना तर सगळ्यात आधी, कारण बारक्या पोरांच्यात तो लवकर उलटतो आणि कधी कधी फुप्फुस सोडून मेंदूपर्यंत जातो, खोकला असेलच असंही नाही, नुसतं वजन वाढत नाही, पोर किरकिरं होतं, आपण म्हणतो खायची नाटकं करतीय. म्हणून तिनं वजन विचारलं! तपासून टीबी नाही असं दिसलं तर तो पुढं होऊ नये म्हणून औषध असतं, वजनावर डोस ठरतो, फुकट मिळतं. ते औषध तुझ्या खिडकीपर्यंत दोनदा आलं आणि माघारी गेलं.

मी फार शहाणी आहे म्हणून बोलत नाही. सप्टेंबर २०२०, आमच्या सांगलीत कोरोना नुसता पेटलेला, "माझे कुटुंब माझी जबाबदारी"चा सर्व्हे चाललेला, दोन पोरी ताप मोजायचं यंत्र आणि ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन दारात. मी ग्रिलच्या आतनं सांगितलं सगळे ठणठणीत आहेत, आणि आतल्या खोलीत सासूबाई दोन गोधड्या घेऊन तापानं फणफणलेल्या. का? तर दारावर कागद चिकटवतील, सोसायटीत काय म्हणतील. चौथ्या रात्री त्यांना धाप लागली आणि मग आम्ही सांगली-मिरज रस्त्यावर रिक्षातनं बेड शोधत फिरलो. वाचल्या, पण त्या पोरीनं तेव्हाच बोटाला चिमटा लावला असता तर ती रात्र आली नसती. तिचा चेहरा मला आठवत नाही, मास्क होता, डोळे तेवढे आठवतात.

जाऊबाईंना कसं समजावू विचारतीस. काही समजावू नको, तिचं बरोबर आहे. न्यूमोनिया सांगितलास आणि माणूस महिना-महिना खोकतोय, तिला काय दिसत नाही? एका वाड्यात राहता, तिनं आपली पोरं सांभाळली तर मी तिला नावं ठेवणार नाही. तिचीपण तपासणी व्हायला पाहिजे, तो हक्क तू तिचा मारलायस, हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. सासूबाईंचं ताट-तांब्या मात्र उगाच आहे, भांड्यातनं टीबी जात नाही. तांब्या एकच ठेवा आणि खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर रुमाल. मिरजेला जाताना वानलेसवाडी लागली असेल बघ, ज्या डॉक्टर वानलेसवरनं ते नाव पडलं त्यांनी तिथं टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम काढलं होतं, तेव्हा औषध नव्हतंच, उघडी हवा आणि पोटभर खाणं एवढ्यावरच सगळी भिस्त. आता औषध आहे. आणि आपण खिडकी लावून बसलोय.

औषधावरनं आठवलं, "पैसे आले की पुढच्या गोळ्या आणायच्यात" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. गोळ्या संपल्यात का गं? किती दिवस झाले? साधा टीबी असला तर सहा महिने रोज गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, पहिल्या दोन महिन्यात माणसाला बरं वाटायला लागतं आणि तिथंच सगळे घसरतात. मधे सोडल्या तर जंतू चिवट होतो, मग ह्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि पुढचं औषध जास्त जड आणि त्रासाचं. आणि पैसे कशाला पाहिजेत? ह्याच गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, निदान खाजगीत झालं असलं तरी! तुझा नवरा आयुष्यभर दुसऱ्यांचं सोनं गाळत बसला आणि तुझं मंगळसूत्र पतसंस्थेत पडलंय, ते सगळंच गोळ्यांवर गेलं नसेल, पण इथनं पुढं एक रुपया जायला नको.

दीर "बघू" म्हणाले ना, त्यांना बघत बसू दे. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार महिन्याला पैसे देतं, २०१८ पासनं ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासनं १००० झालेत, औषध चालू आहे तोपर्यंत, थेट खात्यात, खाजगीत औषध घेणाऱ्यालापण. त्याला आधार आणि पासबुक लागतं. १००० रुपयात घर चालत नाही हे मलाही कळतं, पण अंडी, डाळ, शेंगदाण्याला होतात. शिवाय निक्षय मित्र म्हणून असतात, कुणी संस्था, कुणी कंपनी, कुणी एकटा माणूस, ते पेशंटला दर महिन्याला शिधा देतात, त्याला तुमची संमती लागते. (किट देताना फोटो काढायची काही लोकांना भारी हौस असते, मला त्याची चीड आहे, स्पष्ट सांगायचं शिधा पाहिजे, फोटो नको.) आणि हे नुसतं दानधर्माचं नाही. झारखंडात पेशंटच्या घरच्यांना माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन बघितलं, २०२३ ला त्याचे आकडे छापून आले, तर त्या घरात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तुझ्या बारकीच्या ताटातली डाळ म्हणजे काय ते यावरनं समज.

हे सगळं, गोळ्या, पैसे, शिधा, पोरीची तपासणी, जाऊबाईंची तपासणी, सगळ्याची वाट एकाच बाईच्या हातनं जाते. म्हणून माझं एवढंच सांगणं आहे, उद्या सकाळी तिला घरात बोलव. परवा नाही, उद्या. अंगणवाडीत विचारलंस तर तिचा नंबर मिळेल, किंवा बारकीला घेऊन सरळ तिच्या घरी जा. काय बोलू असं वाटलं तर म्हण, "ताई, त्या दिवशी मालक घरातच होते." तिला माहीत आहेच. भीती वाटत असेल तर तोंडावर सांग की गावात बोलू नका. आणि समजा तिनं नाहीच दाद दिली तर १८०० ११ ६६६६ हा टीबीचा फुकटचा नंबर आहे, तिथं फोन कर, पण मला वाटतंय ती येईल.

शपथेचं काय ते विचारशील. ती मोड. मालकांना म्हणावं अक्कानं मोडायला लावली, रागवायचं तर माझ्यावर रागवा. आणि गोळ्या परत चालू झाल्या की लघवी लालसर-केशरी होते, त्यानं घाबरून बंद करू नका म्हणावं, औषधाचाच रंग असतो तो. उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडं.

बारकीचं वजन किती भरलं ते मला कळव. आशाताई आली की आधी चहा ठेव, आणि पोरगी झोपली असली तरी उठव.

— अक्का