कामासाठी सतत परदेशी जाणाऱ्याने इंटरनेटचा खर्च कसा कमी करावा?

तुम्ही विचारलंय की महिन्यातून दोन-तीनदा कामासाठी परदेशी जावं लागतं, रोमिंगचं बिल परवडत नाही आणि हॉटेलच्या वाय-फायचा भरवसा नाही, तर काय करावं? माझं कामही असंच फिरतीचं आहे. माझा खर्च खऱ्या अर्थाने उतरला तो एका बदलाने: नंबर एका सिमवर ठेवला आणि डेटा दुसऱ्या सिमवर.

नेहमीचं सिम फोनमध्येच राहू द्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा. रोमिंग सेवा चालू असेल तर बँकेचे ओटीपी एसएमएसने येत राहतात. मात्र त्या सिमवर आलेला कॉल उचलला तरी बऱ्याचदा पैसे लागतात, म्हणून ऑफिसच्या लोकांना अ‍ॅपवरूनच फोन करायला सांगून ठेवा.

डेटासाठी ई-सिम घ्या, म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये उतरवायचं सिम. एकाच देशात बरेच दिवस राहणार असाल तर तिथल्या कंपनीचं, एका फेरीत तीन-चार देश असतील तर अनेक देशांत चालणारं. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून एका सदस्य देशातलं सिम दुसऱ्यात रास्त वापराच्या मर्यादेत जादा पैसे न आकारता चालतं. पण स्वित्झर्लंड या नियमात येत नाही. तिथे जाणार असाल तर त्या देशाचं नाव पॅकच्या यादीत आहे ना, ते आधी बघा. प्रवासाला निघण्यापूर्वीच ई-सिम घरच्या वाय-फायवर टाकून घ्या, कारण ते उतरवायलाच इंटरनेट लागतं. पॅकची मुदत सिम टाकल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हेही वाचून घ्या. आणि एकदा टाकलेलं ई-सिम चुकूनही डिलीट करू नका. तोच क्यूआर कोड पुन्हा चालेलच असं नाही.

किती डेटा घ्यायचा याचा अंदाज मीटिंगवरून बांधा. साधारण 1.2 एमबीपीएसचा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी चालू असेल तर तासाला सुमारे 1 जीबी जातो. तीच मीटिंग नुसत्या आवाजावर केली तर 100 एमबीच्या आत भागते. ज्या मीटिंगमध्ये माझा चेहरा दिसण्याची गरज नसते, तिथे मी कॅमेरा बंद ठेवतो आणि समोरच्यांचा व्हिडिओही बंद करून घेतो.

पण सगळ्यात जास्त डेटा मीटिंग खात नाही, लॅपटॉप खातो. फोनचा हॉटस्पॉट त्याला साधं वाय-फायच वाटतं, त्यामुळे अपडेट, फोटो, बॅकअप सगळं सुखेनैव सुरू होतं. एकदा मी विमानतळावर हॉटस्पॉट चालू करून फाइल पाठवत बसलो आणि तेवढ्यात बॅकअपने आठवड्याचा पॅक संपवला. अर्ध्या तासावर ग्राहकाची मीटिंग होती, शेवटी नेहमीच्या सिमवर महागडं रोमिंग घ्यावं लागलं. तेव्हापासून विंडोजमध्ये हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' (मोजून वापरायचं) करून ठेवतो, म्हणजे मागे आपोआप चालणारा डेटावापर कमी होतो. मॅक आणि आयफोनवर त्यासाठी लो डेटा मोड आहे. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी एवढं आजच करा.

'अनलिमिटेड' शब्दावर जाऊ नका. रोजची मर्यादा संपली की वेग 128 केबीपीएसवर आणणारे पॅक असतात. त्यावर मेसेज जातात, व्हिडिओ नाही. काही पॅकमध्ये हॉटस्पॉटच चालत नाही, आणि तुम्हाला लॅपटॉपवर काम करायचं असेल तर असा पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी उपयोगाचा नाही. शिवाय प्रवाशांसाठीच्या अनेक ई-सिमचा डेटा तिसऱ्याच देशातून फिरून येतो. आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि ऑफिसच्या सिस्टिमला तुम्ही भलतीकडेच असल्यासारखं दिसतं. आयटीवाल्यांना आधी कळवलं तर ऐनवेळी लॉगिन अडत नाही.

हॉटेलचं वाय-फाय मी रात्री मोठ्या फाइल उतरवायला वापरतो, तेही व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा सांकेतिक करून लपवणारी सेवा) लावून. खोलीत केबलचं पोर्ट असेल तर उत्तम, ते बहुधा जास्त स्थिर चालतं. विमानात आणि जहाजावर मात्र फ्लाइट मोड सोडू नका. तिथलं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि नेहमीच्या पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं.

खिशातलं राउटर, म्हणजे सिमच्या डेटावर वाय-फाय देणारं छोटं यंत्र, घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. दोघं-तिघं नेहमी एकत्र जात असाल तर घ्या, एक पॅक सगळ्यांना पुरतो. एकट्यासाठी फोनचा हॉटस्पॉट पुरेसा आहे, फक्त चार्जर जवळ ठेवा.