खांबाच्या पायथ्याचं अर्धफूल

प्रश्न: जर्मनीतल्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांवर खांबाच्या पायथ्याशी पंख्यासारखं अर्धगोल फूल कोरलेलं असतं. फोंड्यातल्या आमच्या घराच्या सोप्याला दोन सागवानी खांब नव्याने बसवायचे आहेत. त्यांवर तसं फूल मेस्तकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेता येईल का?

उत्तर: येईल, पण एकट्या खांबावर ते मावणार नाही. उत्तर जर्मनीत 16व्या शतकात रुजलेलं हे फूल तीन लाकडांवर पसरलेलं असतं: मधला भाग उभ्या खांबावर आणि दोन्ही बाजू खांब व खालची आडवी तुळई यांच्या कोपऱ्यांत बसवलेल्या त्रिकोणी ठोकळ्यांवर. चौकट तिरकी होऊ नये म्हणून ते ठोकळे असतात. तेव्हा तुमच्या खांबांखालीही आडवी तुळई आणि ठोकळे हवेत.

चौकट जुळवून जमिनीवर आडवी ठेवावी, मगच आखणी करावी. सुटी लाकडं कोरून नंतर जोडली तर सांध्यावर पाकळ्या चुकतात. खांबाचा मध्य तुळईला टेकतो तिथे कंपासचं टोक ठेवा. पाकळ्या विषम संख्येत घ्या, म्हणजे एक बरोबर खांबाच्या मधोमध येते. नऊ घेतल्या तर प्रत्येकी 20 अंश. खांब 15 सेंटिमीटर रुंद असेल तर त्रिज्या 25 ते 30 सेंटिमीटर शोभते. आधी पाकळ्यांमधल्या रेघा पटाशीने कापून घ्याव्यात, मग गोल पटाशीने प्रत्येक पाकळी खोलगट करावी. बाहेरच्या कडेला 12 ते 15 मिलिमीटर खोली पुरे, मध्याकडे येताना ती कमी होत जावी.

खरी कसोटी ठोकळ्यांवर. खांबावर मधली पाकळी लाकडाच्या रेषांबरोबर जाते, म्हणून पटाशी सहज सरकते. ठोकळ्याचे रेषे तिरके असतात आणि पाकळ्या त्यांना आडव्या येतात. तिथे पटाशी एका दमात पार नेली की कडेचा तुकडा उडतो, आणि उडालेला तुकडा लुकणाने कधीच नीट भरत नाही. दोन्ही टोकांकडून आत, मध्यापर्यंत कोरायला सांगा. धार दर थोड्या वेळाने लावावी लागेल.

जर्मन सुतार ओक ओलं असतानाच कोरत, कारण वाळल्यावर ते फार कठीण होतं. तुमचं सागवान मात्र पुरतं वाळलेलं घ्या, नाहीतर तीन लाकडांमधले सांधे नंतर उघडतील. बारीक फट पडली तर ती तशीच राहू द्या.

आता जागा. त्सेले शहरातलं होपनर हाउस 1532 सालचं आहे. त्यासारख्या घरांचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला असतो आणि खालच्या नक्षीवर छपरासारखी सावली धरतो. जर्मनीत वर्षाला सरासरी 800 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे सुमारे 3000, तोही नैर्ऋत्येकडून तिरका. पाकळ्यांचा निमुळता शेवट नेमका तुळईला टेकतो, तिथे पाणी साचतं आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. म्हणून पावसाच्या बाजूचा खांब साधाच ठेवा, फूल आतल्या खांबावर करा. आमचा आग्रह या एका गोष्टीचा आहे.

प्रश्न: आमच्या जुन्या नक्षीवरचा ऑइलपेंट पापुद्र्यांनी सुटतो आहे. वरून नवा मारावा का?

उत्तर: नको. आत शिरलेलं पाणी जाड थराखाली अडकतं, म्हणूनच तो सुटतो आहे. सुटलेला थर पातळ पात्याने, रेषांच्या दिशेने खरवडून काढा. पॉलिश पेपरने कडा बोथट होतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तोंडाला मास्क हवा. मग कोरड्या दिवसांत, जानेवारी ते मार्चमध्ये, उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून लावा आणि वीसेक मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाका.